सवलतीची सक्ती कशी झाली?



आपल्याकडे व्याख्यानमालेचे दिवस आणि परीक्षांच्या निकालांचे दिवस एकमेकांना चिकटूनच येतात. संध्याकाळी येथे येऊन बसणाऱ्या मंडळींपैकी कित्येकांच्या घरी दहावीचा, बारावीचा किंवा एखाद्या प्रवेशपरीक्षेचा उमेदवार असतो आणि त्याच्यापायी सारे घर वर्षभर हळू आवाजात बोलत असते. अशा वेळी मी आपल्याला सातासमुद्रांपलीकडच्या एका परीक्षेचा इतिहास सांगावयास उभा राहिलो आहे, हे थोडे चमत्कारिक वाटेल. पण ती परीक्षा आता तितकीशी दूर राहिलेली नाही. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मुलाकडे सहा महिने राहून आलेले आजी-आजोबा आता आळीआळीत आहेत. तिकडचा नातू पंधरा-सोळा वर्षांचा. पण रात्रीचे बारा वाजले तरी त्याच्या खोलीतला दिवा मालवत नाही. विचारावे तर म्हणतो, "आजी, यंदा माझे पाच एपी आहेत." हे 'एपी' म्हणजे काय, ते पाचच का, आणि दोनच घेतले असते तर काय बिघडले असते, याचे उत्तर त्या घरात कोणी धड देत नाही. सून म्हणते, सगळेच घेतात. मुलगा म्हणतो, त्याशिवाय चांगल्या कॉलेजात कोण उभे करतो?

'सगळेच घेतात' या उत्तराने इतिहासाच्या अभ्यासकाचे समाधान होत नाही. कोणी तरी, केव्हा तरी ही गोष्ट प्रथम सुरू केली असणार. तिच्यामागे काही हेतू असणार. तो हेतू शोधू गेले की एक आश्चर्य हाती लागते. ज्या अभ्यासक्रमाच्या ओझ्याखाली आज ती मुले वाकलेली दिसतात, तो मुळात मुलांचा वेळ वाचावा, त्यांची दगदग कमी व्हावी, म्हणून काढलेला होता. ती एक सवलत होती. त्या सवलतीची सक्ती कशी झाली, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

याचा आरंभ पाहण्यासाठी आपल्याला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावे लागेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्या वेळी चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा सहासात मुलेच माध्यमिक शाळेत जात, आणि त्यांतलीही थोडीच पुढे महाविद्यालयाची पायरी चढत. पण जी चढत, त्यांच्या शिक्षकांची मोठी पंचाईत होई. प्रत्येक महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा निराळी. एकाला लॅटिनचा एक ग्रंथ हवा, दुसऱ्याला दुसरा. एकाला ग्रीक हवेच, दुसऱ्याला चालेल तर चालेल. चार मुलांना चार ठिकाणी पाठवावयाचे, तर हेडमास्तरने एकाच वर्गात चार प्रकारचा अभ्यास घ्यावा, अशी अवस्था होती. १८९२ साली राष्ट्रीय शिक्षणसंघाने हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नेतृत्वाखाली दहा जणांची समिती नेमली. १८९३ च्या त्या समितीच्या अहवालातले एक मत आजही विचार करण्यासारखे आहे. मुलगा पुढे महाविद्यालयात जाणार असो वा नसो, शाळेतला विषय सर्वांना सारख्याच रीतीने शिकवला जावा, असे समितीने म्हटले. शाळा ही महाविद्यालयाची देवडी नाही, तिला स्वतःचे काम आहे, हा त्याचा मथितार्थ.

देवडी नाही म्हटले तरी दरवाजा होताच, आणि तेथे कोणाला आत घ्यावयाचे हा प्रश्न सुटलेला नव्हता. १९०० साली कोलंबिया विद्यापीठात पूर्वेकडच्या काही विद्यापीठांची आणि शाळांची मंडळी जमली आणि त्यांनी एक सामाईक परीक्षामंडळ स्थापन केले. तेच पुढे 'कॉलेज बोर्ड' या नावाने प्रसिद्धीस आले. १९०१ च्या जूनमध्ये त्याची पहिली परीक्षा झाली. नऊ विषय, ६९ केंद्रे आणि विद्यार्थी अवघे ९७३. त्यांतलेही बहुतेक कोलंबियात किंवा तिच्या बार्नार्ड या स्त्रियांच्या महाविद्यालयात जाऊ इच्छिणारे. प्रश्नपत्रिका निबंधवजा असत आणि शाळांतले व महाविद्यालयांतले शिक्षक एकत्र बसून उत्तरे तपासत. या मंडळाचे पहिले चिटणीस निकोलस मरे बटलर. हे पुढे चार दशकांहून अधिक काळ कोलंबियाचे अध्यक्ष होते. १९१३ साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात दाखल झाले, तेव्हाही अध्यक्ष हेच होते. बाबासाहेब पदवीनंतरच्या अभ्यासासाठी गेले असल्यामुळे त्यांचा या परीक्षेशी संबंध आला नाही. पण ज्या संस्थेने एका अस्पृश्य विद्यार्थ्याला विद्येचे दार मोकळे केले, त्याच संस्थेच्या अंगणात या दाराची कुलूपकिल्ली घडत होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच सुमारास, १९०६ च्या आसपास, दुसरीही एक गोष्ट घडली. कार्नेगी यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या एका प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन अध्यापकांना निवृत्तिवेतन देण्याचे ठरवले. पण खरे 'महाविद्यालय' कोणते हे ठरवावयाचे कसे? तर जे माध्यमिक शाळेतला चार वर्षांचा पक्का अभ्यास झाल्याशिवाय मुलाला आत घेत नाही, ते. आणि 'पक्का अभ्यास' मोजावयाचा कसा? तर तासांनी. एका विषयाचे वर्षाला १२० तास झाले की एक 'युनिट'. निवृत्तिवेतनाच्या हिशोबासाठी काढलेले हे माप अमेरिकन शाळेच्या हाडीमासी खिळले. विद्या ही मोजता येते, तिचा ढीग रचता येतो आणि तो ढीग दाखवून दार उघडून घेता येते, ही कल्पना तेथून रूढ झाली. पुढच्या साऱ्या कथेचे बीज मला या हिशोबात दिसते.

सामाईक परीक्षा आली. पण तिने न्याय झाला का? अंशतः झाला. हुशार पण गरीब मुलाला आपली विद्या दाखवण्याची जागा मिळाली. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुले ती परीक्षा धडाधड उत्तीर्ण होऊ लागली, आणि १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्यावर गेले. तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना अस्वस्थ वाटू लागले आणि त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याची सूचना पुढे आणली. उघड मर्यादा अध्यापकांना मानवली नाही. मग १९२६ मध्ये मार्ग निघाला तो असा की, एकूण जागा मर्यादित ठेवाव्या आणि निवड करताना गुणांबरोबर मुलाचे 'चारित्र्य' आणि व्यक्तिमत्त्वही पाहावे. शब्द किती सोज्ज्वळ! पण चारित्र्य मोजावयाचा तराजू मात्र मोजणाऱ्याच्या खिशात. आज अमेरिकन महाविद्यालये प्रवेशार्थीच्या 'समग्र' व्यक्तिमत्त्वाचा विचार करतात, असे आपण ऐकतो. त्या पद्धतीत चांगलेही पुष्कळ आहे; परंतु तिचे मूळ या जागी आहे, हे इतिहासाने लपवू नये.

योगायोग असा की, त्याच १९२६ च्या जून महिन्यात कॉलेज बोर्डाने 'स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट' ही नवी चाचणी प्रथम घेतली. आठ हजारांवर विद्यार्थी तिला बसले. पहिल्या महायुद्धात सैनिकांची बुद्धी मापण्यासाठी काढलेल्या चाचण्यांवरून प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगॅम यांनी ती रचली होती. येथे मुलगा काय शिकला हे पाहावयाचे नव्हते. तो शिकू शकेल का, हे पाहावयाचे होते. १९३३ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेले रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनंट यांना ती आवडली, कारण आडगावातल्या सामान्य शाळेतल्या बुद्धिमान मुलाला हुडकून काढण्यासाठी त्यांना असेच काही साधन हवे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ मध्ये, जुन्या निबंधवजा परीक्षा बंद पडल्या आणि ही चाचणी सर्वांसाठी झाली. ही अदलाबदल महत्त्वाची आहे. शाळेत काय शिकवले जाते आणि दारावर काय विचारले जाते, यांचा जो थोडाफार सांधा होता, तो येथे निखळला.

आता आपण आपल्या मूळ विषयाशी येऊन पोहोचलो.

महायुद्ध संपले. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय झाली आणि सुमारे बावीस लाख सैनिकांनी उच्च शिक्षणाचा लाभ घेतला. महाविद्यालये गजबजून गेली. त्या गर्दीत एक जुनी तक्रार नव्याने ऐकू येऊ लागली. चांगल्या शाळेतून आलेला मुलगा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात तेच शिकतो, जे त्याने शाळेच्या शेवटच्या वर्षात शिकलेले असते. तोच इतिहास, तेच बीजगणित, त्याच इंग्रजी कवींचा तोच परिचय. मुलगा कंटाळतो, अभ्यासाची सवय मोडते, आयुष्याचे एक वर्ष फुकट जाते. १९५१ साली फोर्ड प्रतिष्ठानाच्या एका निधीने या प्रश्नाच्या अभ्यासाला पैसा दिला. अँडोव्हर, एक्झिटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन जुन्या खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे, अशा सहा संस्थांच्या शिक्षकांनी एकत्र बसून १९५२ मध्ये अहवाल दिला. दुसरीकडे ओहायोतील केन्यन या छोट्या महाविद्यालयाचे अध्यक्ष गॉर्डन चामर्स यांनी बारा महाविद्यालयांना एकत्र आणून प्रत्यक्ष योजना आखली. ती अशी : शाळेच्या शेवटच्या वर्षात ज्या मुलांची तयारी आहे, त्यांना महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास शाळेतच, आपल्याच शिक्षकांकडून शिकू द्यावा, अखेरीस एक परीक्षा घ्यावी, आणि तीत जो उतरेल, त्याला महाविद्यालयाने तो विषय पुन्हा शिकावयास न लावता एकदम वरच्या वर्गात बसवावे. 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' या शब्दांचा अर्थ एवढाच आहे. वरच्या वर्गात बसवणे. आपल्या आजीबाईंना बुचकळ्यात टाकणारे ते 'एपी' हेच.

या योजनेत एक बारकावा आहे, त्याकडे आपले लक्ष वेधतो. मुलाला महाविद्यालयात प्रवेश द्यावा की नाही, याच्याशी या परीक्षेचा मुळात संबंध नव्हता. ती मे महिन्यात होई. त्या वेळेपर्यंत शेवटच्या वर्षातल्या मुलाचा प्रवेश ठरून गेलेला असे. निकालाचा उपयोग आत आल्यावर कोठे बसवावयाचे हे ठरवण्यापुरता. म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याला या परीक्षेचे नाव ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

१९५४ मध्ये पहिल्या परीक्षा झाल्या आणि पुढच्या वर्षी कॉलेज बोर्डाने योजना आपल्या हाती घेतली. १९५६ च्या परीक्षांना १०४ शाळांतले १,२२९ विद्यार्थी बसले आणि त्यांनी मिळून २,१९९ प्रश्नपत्रिका सोडवल्या. हे आकडे नीट पाहा. दर विद्यार्थ्यामागे दोन प्रश्नपत्रिकाही पडत नाहीत. ज्याला गणिताची गोडी त्याने गणित घेतले, ज्याला इतिहासाची त्याने इतिहास. उत्तरपत्रिकांना एकपासून पाचपर्यंत श्रेणी मिळे, आणि शाळांचे व महाविद्यालयांचे शिक्षक जूनमध्ये एकत्र जमून त्या तपासत. या तपासणीच्या निमित्ताने शाळामास्तर आणि प्राध्यापक एका टेबलाशी बसून एकाच निबंधाबद्दल वाद घालू लागले, हा या योजनेचा मला वाटतो सर्वांत मोठा लाभ.

मग ४ ऑक्टोबर १९५७ हा दिवस उजाडला. रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेने आपल्या शाळांकडे संशयाने पाहावयास सुरुवात केली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. गणित, विज्ञान आणि परभाषा यांच्यासाठी केंद्र सरकारचा पैसा वाहू लागला. शिक्षणाचा कायदा आणि त्याच्या नावात 'संरक्षण', यावरून त्या काळाची मनःस्थिती कळते. १९५९ मध्ये त्याच कोनंट साहेबांनी अमेरिकन माध्यमिक शाळेवर एक पुस्तक लिहिले आणि ते घरोघर वाचले गेले. बुद्धीने पुढे असलेल्या पंधरा-वीस टक्के मुलांनी आठवड्याला निदान पंधरा तास घरचा अभ्यास करावा, अशी त्यांची शिफारस होती. प्रगत अभ्यासक्रम तर त्यांनी त्याहून थोड्या, शेकडा तीनच्या आसपास भरणाऱ्या अति बुद्धिमान मुलांसाठी सांगितला होता. म्हणजे त्या काळच्या सर्वांत कडक सुधारकाचीही मागणी दिवसाला दोन तासांच्या आसपास होती!

यानंतरचा टप्पा मी थोडा विस्ताराने सांगणार आहे, कारण तो या कथेतला सर्वांत उजळ टप्पा आहे. लॉस एंजेल्सच्या पूर्व भागात गारफील्ड ही माध्यमिक शाळा आहे. तेथली वस्ती मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. बोलिव्हियात जन्मलेले हायमे एस्कलान्ते १९७४ मध्ये त्या शाळेत शिक्षक झाले. ही मुले साध्या हिशोबापलीकडे जाणार नाहीत, असा भोवतालचा समज होता. एस्कलान्ते यांनी त्यांना कलनशास्त्र शिकवावयाचे ठरवले. शाळेपूर्वी, शाळेनंतर, शनिवारी, उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग चालू. १९८२ मध्ये त्यांचे अठरा विद्यार्थी प्रगत कलनशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्यांना काही उत्तरांतल्या साम्यावरून शंका आली आणि चौदा जणांवर कॉपीचा संशय घेतला गेला. त्यांपैकी बारा जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले. १९८८ मध्ये या हकीकतीवर चित्रपट निघाला, तो आपल्यापैकी काहींनी पाहिलाही असेल.

त्या बारा मुलांनी काय सिद्ध केले? अँडोव्हर आणि एक्झिटर येथल्या मुलांसाठी काढलेला अभ्यासक्रम कोणाच्याही मुलाला पेलतो, शिक्षक मात्र तसा हवा, हे त्यांनी सिद्ध केले. ज्या समाजात 'ही विद्या तुमच्यासाठी नाही' असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्या समाजातल्या माणसाला या प्रसंगाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून या अभ्यासक्रमांना सरसकट नावे ठेवणे मला मान्य नाही. गरीब शाळेत हे वर्ग नसणे हा अन्याय आहे, ही जाणीव यापुढे वाढत गेली. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील इंगलवूड येथल्या विद्यार्थ्यांच्या वतीने राज्यावर फिर्याद दाखल झाली. आमच्या शाळेत, जेथे बहुतांश मुले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत, असे वर्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि श्रीमंत वस्तीतल्या शाळांत मात्र मुबलक, हे कसे? राज्याने पुढे अशा वर्गांसाठी शाळांना अनुदाने दिली.

पण या फिर्यादीतच दुसरी एक गोष्ट दडलेली आहे. हे वर्ग नसल्याने मुलांचे नुकसान कोणते? विद्या मिळत नाही, हे तर खरेच. परंतु फिर्यादीचा जोर होता तो विद्यापीठातल्या प्रवेशावर. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रगत वर्गातल्या उत्तम श्रेणीला चाराऐवजी पाच गुण धरत असे. अर्थात त्यालाही काही मर्यादा होती. ज्याच्या शाळेत असे वर्गच नाहीत, त्याने पहिला नंबर काढला तरी त्याची सरासरी चाराच्या वर जाणार कशी? म्हणजे १९५४ मध्ये ज्या परीक्षेशी दारावरच्या पहारेकऱ्याचा संबंध नव्हता, ती १९९९ पर्यंत त्याच्या वहीतली मुख्य नोंद होऊन बसली होती.

हे मधल्या काळात घडले कसे? त्याची कारणे एक नव्हे, तीन दिसतात.

पहिले कारण अर्जांचे. १९७५ मध्ये पंधरा खासगी महाविद्यालयांनी मिळून एक सामाईक अर्ज काढला. मुलांची लिहिण्याची मेहनत वाचावी हा हेतू. तो अर्ज पसरत गेला, पुढे संगणकावर आला, आणि एक मुलगा जेथे तीन-चार ठिकाणी अर्ज करी, तेथे तो दहा-पंधरा ठिकाणी करू लागला. अर्ज वाढले, नामांकित महाविद्यालयांतल्या जागा मात्र जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. १९५० च्या सुमारास हार्वर्डला अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना प्रवेश मिळत असे. २०२१ मध्ये तेथे ५७,४३५ अर्ज आले आणि निवड झाली १,९६८ जणांची. शंभरात चारही नाहीत.

दुसरे कारण क्रमवारीचे. १९८३ मध्ये एका साप्ताहिकाने महाविद्यालयांची क्रमवारी प्रसिद्ध केली आणि ते लोण शाळांपर्यंत येण्यास वेळ लागला नाही. एस्कलान्ते यांच्यावर आदराने पुस्तक लिहिणारे पत्रकार जे मॅथ्यूज यांनी १९९८ मध्ये शाळांसाठी एक निर्देशांक मांडला. शाळेतल्या मुलांनी एकूण किती प्रगत परीक्षा दिल्या, त्या आकड्याला उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांच्या संख्येने भागावयाचे, की झाली शाळेची प्रत! मुले त्या परीक्षांत उतरली की नाही, हे त्यात धरावयाचे नाही. शाळांनी केवळ हुशार मुलांना बसवून टक्का राखू नये, सर्वांना संधी द्यावी, असा मॅथ्यूज यांचा सद्‌हेतू होता. पण एकदा आकडा छापून येऊ लागला, की आकड्यासाठी माणसे राबतात.

तिसरे कारण मला सर्वांत निर्णायक वाटते. प्रवेशाच्या अर्जाबरोबर शाळेतल्या समुपदेशकाला एक पत्रक भरून द्यावे लागते. त्यात एक प्रश्न असतो : तुमच्या शाळेत जे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत, त्यांच्या तुलनेत या विद्यार्थ्याने घेतलेला अभ्यासक्रम किती कठीण आहे? त्यापुढे चौकटी असतात. सर्वांत वरची चौकट 'अत्यंत कठीण' अशी. आता या प्रश्नाचा परिणाम पाहा. शाळेत दोनच प्रगत वर्ग असतील, तर मुलाने दोन घ्यावे. शाळेने वीस सुरू केले, तर दोन घेणारा मुलगा एका रात्रीत मागे पडला. त्याने काही कमी केले नाही; शेजारच्याने अधिक केले. शेजारी सहा घेतो म्हणून हा सात घेतो, आणि हा सात घेतो म्हणून तिसरा आठ. मिरवणूक पाहताना पुढचा माणूस टाचा उंचावतो, की मागच्यालाही उंचवाव्या लागतात. आणि शेवटी सगळेच टाचांवर उभे असतात, दिसते मात्र पूर्वीइतकेच. सवलत नाकारण्याची सोय गेली, तेव्हाच तिची सक्ती झाली. २०१९ मध्ये सुमारे अठ्ठावीस लाख विद्यार्थ्यांनी एक्कावन्न लाख प्रगत परीक्षा दिल्या. १९५६ च्या २,१९९ शी हा आकडा ताडून पाहा.

आणि यातला शेवटचा विनोद असा की, ज्या वेळेच्या बचतीसाठी हे सारे सुरू झाले, ती बचतही नामांकित ठिकाणी आटू लागली. डार्टमथ महाविद्यालयाने २०१४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून प्रगत परीक्षेबद्दल पदवीचे श्रेयांक देणे बंद केले. सरकारी विद्यापीठांत ती सवलत पुष्कळ ठिकाणी अजून मिळते, आणि मध्यमवर्गीय कुटुंबाचे सत्राचे शुल्क तीत वाचते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण ज्या थोड्या दारांवर सर्वांत जास्त गर्दी, तेथे ही विद्या दाखवावयाची, वापरावयाची नाही, अशी स्थिती येऊ लागली आहे.

याला कोणी विरोध केलाच नाही, असे मात्र नाही. न्यूयॉर्कमधील फील्डस्टन शाळेने २००२ च्या सुमारास हे वर्ग बंद केले. स्कार्सडेल या सधन गावातल्या सार्वजनिक शाळेने त्याऐवजी शिक्षकांनी स्वतः आखलेले वर्ग काढले. २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या आठ खासगी शाळांनी हे वर्ग सोडण्याचा निर्णय एकत्रित जाहीर केला. परंतु हे कोणाला परवडते, तेही पाहिले पाहिजे. ज्यांचे नावच पुरेसे आहे, त्या शाळांना शिक्क्याची गरज नाही. इंगलवूडच्या शाळेला तो शिक्का हवाच आहे. श्रीमंतांनी वापरून टाकलेली वस्तू गरिबाच्या हाती येते, तेव्हा तिची किंमत उतरलेली असते, हा अनुभव विद्येच्या बाजारातही येतो. २०१६ मध्ये हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागातून एक अहवाल निघाला. त्याला अनेक महाविद्यालयांच्या प्रवेशाधिकाऱ्यांनी पाठिंबा दिला. मुलांनी असंख्य प्रगत अभ्यासक्रमांचा डोंगर रचू नये, थोडे घ्यावे पण मन लावून करावे, असे त्यात सुचवले होते. सल्ला उत्तम, पण तो देणाऱ्यांच्याच हाती त्या चौकटी होत्या.

श्रोतेहो, या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात खलनायक शोधू गेलात, तर लॉवेलसारखा एखादा सोडला तर फारसे कोणी सापडणार नाही. एलियट, कोनंट, चामर्स, एस्कलान्ते, सारी सद्‌हेतूची माणसे. सामाईक परीक्षा निघाली ती गोंधळ संपवण्यासाठी. बुद्धिचाचणी स्वीकारली गेली ती आडगावचा मुलगा शोधण्यासाठी. प्रगत वर्ग निघाला तो वेळ वाचवण्यासाठी. सामाईक अर्ज निघाला तो हात वाचवण्यासाठी. प्रत्येक साधन चांगले होते. मात्र जागा थोड्या आणि मागणारे फार, अशा दारावर ते नेऊन ठेवले की प्रत्येक साधनाची चाळणी होते. आणि चाळणीला धान्य किती पौष्टिक आहे याच्याशी कर्तव्य नसते. किती खाली पडले, एवढ्याशीच असते.

आणखी एक गोष्ट त्या देशातल्या पालकांच्याही ध्यानातून निसटते. अमेरिकेतली बहुसंख्य महाविद्यालये अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना आजही आत घेतात. जीवघेणी चढाओढ आहे ती मोजक्या काही डझन नावांसाठी. तेवढ्या नावांची भीती मात्र लाखो घरांत रात्रीचा दिवा जळत ठेवते.

आपल्याकडे काय? नावे निराळी, शिडी निराळी. पण बारावीचा वर्ग ओस आणि शिकवणीचा वर्ग ओसंडलेला, हे चित्र या गावातही आपण पाहतो. आपल्या प्रवेशपरीक्षांचा इतिहास हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि दोन देशांची घाईने तुलना करणे बरे नव्हे. तरीही या कथेतून एक कसोटी उचलून घरी नेता येईल. मुलासमोर एखादा नवा वर्ग, नवी परीक्षा, नवे प्रमाणपत्र आले, की दोन प्रश्न विचारावे. प्रवेशाशी याचा काही संबंध नसता, तरी हे शिकावयास मुलगा तयार झाला असता का? आणि त्याने 'नको' म्हटले, तर त्याला ते म्हणता येईल का? दोन्हींची उत्तरे 'होय' आली, तर ते शिक्षण आहे, खुशाल घ्यावे. गारफील्डच्या बारा मुलांनी भर उन्हाळ्यात पुन्हा परीक्षा दिली, ती आपल्याला खरेच येते हे सिद्ध करण्यासाठी. त्यांच्या हातात विद्या होती.

तेव्हा पुढच्या वेळी नातवाने "आजी, माझे पाच एपी आहेत" असे सांगितले, तर त्याला एवढेच विचारा, की बाबा रे, या पाचांतला तुला आवडतो तो कोणता? तो त्याबद्दल अर्धा तास बोलत राहिला, तर चिंतेचे कारण नाही. आणि तो गप्प बसला, तर त्याला जवळ घेऊन दिवा मालवा.